हंगामात वस्ती उघडी दिसू नये
(हिवाळ्यात फुलणाऱ्या-फळणाऱ्या झाडाझुडपांची निवड)



गव्हाणीत पहिली मोळी पडली की महिन्या-दीड महिन्यात आपल्या शिवाराचे रूप पालटते. जी वस्ती पावसाळाभर उसाच्या हिरव्या भिंतीआड दडलेली असते, ती तोडणीची टोळी येऊन गेली की चारी बाजूंनी उघडी पडते. जिकडे पाहावे तिकडे पाचट, बुडखे आणि ट्रॉलीच्या चाकोऱ्या. पत्र्याचं छप्पर, मोटारीची खोली, उकिरडा, सगळं रस्त्यावरून दिसू लागतं. बारा महिने हिरवा म्हणून ज्या भागाचा लौकिक, त्याच भागातली वस्ती ऐन थंडीत उजाड दिसते.

या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. या अंकात झाडांविषयी लिहीत आहोत. "शोभेच्या झाडांनी पोट भरतं का?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण बांधावर आणि दारात झाड लावायचे की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. झाडे आपण लावतोच. प्रश्न आहे तो कोणते आणि कुठे लावायचे याचा. चुकीच्या जागी लावलेले झाड दरवर्षी चार सऱ्यांचा ऊस खाते. योग्य जागी लावलेले झाड हिवाळ्यात फूल देते, फळ देते, मधमाश्यांना चारा देते आणि वस्तीला वस्तीपण देते. म्हणून हा विषय आम्ही पिकाच्या हिशेबानेच मांडणार आहोत.

झाडाची निवड हिवाळ्यात करा

आपल्याकडे रोपे घेण्याची वेळ म्हणजे जून-जुलै. पाऊस पडला की रोपवाटिकेत जायचे आणि जे हिरवेगार, तरतरीत दिसेल ते ट्रॉलीत टाकायचे. पावसाळ्यात सगळीच झाडे हिरवी असतात. त्या वेळी गुलमोहराचे रोप आणि कांचनाचे रोप सारखेच गोजिरे दिसते. गुलमोहर हिवाळ्यात झडतो, काळ्या वाळक्या शेंगा लोंबवीत उभा राहतो आणि त्याचे फूल एप्रिल-मे शिवाय मिळत नाही. कांचनाची एक जात मात्र ऐन दिवाळीच्या सुमारास फुलावर येते. हा फरक रोप पाहून कळत नाही, झाड पाहून कळतो.

तेव्हा आमची पहिली सूचना अशी की, निवड आताच करावी. ऊस घालायला कारखान्यावर येता-जाता रस्त्याच्या कडेला, ओढ्याला, देवळाच्या आवारात, दुसऱ्याच्या वस्तीवर कोणते झाड आज फुललेले आहे ते पाहून ठेवावे. जे झाड आपल्याच भागात, आपल्यासारख्याच जमिनीत या दिवसांत डोळ्यांत भरते, ते आपल्याकडेही येईल. मालकाला विचारून बी किंवा फाटा मागून ठेवावा. यादी हिवाळ्यात, खड्डा उन्हाळ्यात आणि रोप पावसाळ्यात, हा क्रम धरावा.

आधी सावली मोजा

दुसरी गोष्ट सावलीची. ही गोष्ट साधी आहे, पण बांधाची निम्मी भांडणे तिच्यातून उठतात.

आपला भाग साधारण १७ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे झाडाची सावली झाडाखालीच पडते. अशा वेळी बांधावरचे झाड निरुपद्रवी वाटते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आतच राहतो. त्या दिवसांत ३० फूट उंचीच्या झाडाची दुपारची सावली उत्तरेकडे सुमारे २५ फूट जाते. सकाळी आणि संध्याकाळी ती याहून कितीतरी लांब पडते.

आता हेच दिवस आपल्या पूर्वहंगामी लागणीच्या वाढीचे, सुरू लागणीच्या उगवणीचे आणि तुटलेल्या उसाच्या खोडव्याला फुटवा येण्याचे असतात. थंडीने उगवण आधीच मंदावलेली असते. त्यात ज्या पट्ट्यावर दिवसभर ऊन पडत नाही, तिथे डोळे उशिरा फुटतात, काही फुटतच नाहीत आणि नांग्या पडतात. पुढे वर्षभर आपण म्हणत राहतो की बांधाकडेचा ऊस बारीकच येतो. मुळांनी पाणी-खत ओढले हे एक कारण असते, पण हिवाळ्यातली सावली हे दुसरे कारण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

म्हणून हिशेब असा धरावा. दक्षिणेच्या बांधावर उंच झाड लावले तर सावली आपल्या शेतात पडते. उत्तरेच्या बांधावर लावले तर ती शेजाऱ्याच्या शेतात पडते आणि मग शेजारधर्म बिघडतो. उंच वाढणाऱ्या झाडांची खरी जागा म्हणजे रस्त्याची कड, ओढ्याचा काठ, विहिरीभोवतीची पड जागा, वस्तीचे आवार. शेताच्या बांधावर झुडपे किंवा वर्षाआड छाटता येतील अशीच झाडे असावीत. १९८० नंतरच्या दशकात बांधोबांधी नीलगिरी आणि सुबाभूळ लावण्याची लाट आली होती. त्यांतली जी झाडे अजून उभी आहेत, त्यांच्या उत्तरेला सऱ्या मोजून पाहाव्यात, म्हणजे आमचे म्हणणे पटेल.

आणखी दोन बंधने लक्षात ठेवावीत. डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील तर तिथे उंच झाड नकोच; फांदी तारेला घासून ठिणगी पडली तर उभ्या उसाला आग लागते. आणि ज्या टोकाने गाडी, ट्रॉली किंवा ऊसतोड यंत्र शेतात शिरते-वळते, ते टोक मोकळे ठेवावे. पाच वर्षांनी झाड आडवे आले म्हणून यंत्र परत गेले, असे व्हायला नको.

रस्त्याकडेची आणि ओढ्याकाठची मोठी झाडे

काटेसावर हे हिवाळ्याचे खरे झाड. मार्गशीर्षापासून पाने गाळते आणि पौष-माघापासून उघड्या फांद्यांवर मुठीएवढी लाल, मांसल फुले येऊ लागतात. त्या फुलांतल्या मधासाठी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर असा पाखरांचा बाजार सकाळपासून भरतो. यातली साळुंकी आणि कोतवाल ही पाखरे पुढे आपल्याच शेतात किडे वेचतात. हे झाड फार उंच होते आणि त्याचे लाकूड हलके, म्हणून घरापासून, गोठ्यापासून लांब, ओढ्याकाठीच लावावे.

पांगारा त्याच सुमारास पाने गाळून लालभडक फुलतो. मिरज भागातल्या पानमळेवाल्यांना हे झाड नवीन नाही; हादगा, शेवगा आणि शेवरीबरोबर पानवेलीला आधार म्हणून ते पांगाराही लावत आले आहेत. जाड फाटा पावसाच्या तोंडावर रोवला की लागतो. ज्या झाडाच्या पानांवर आणि देठांवर गाठी आलेल्या दिसतात, त्या झाडाचा फाटा मात्र आणू नये, कीड त्याच्याबरोबरच येते.

पळस माघ-फाल्गुनात पेटतो. मुरमाड माळ, खडकाळ कोपरा, जिथे ऊस येत नाही तिथे पळस येतो. त्याचे सोटमूळ खोल जाते, त्यामुळे मोठे रोप उपटून लावले तर बहुधा मरते. ताजे बी जागेवरच टोकावे. वाढ सावकाश होते, त्यामुळे ज्याला घाई आहे त्याने पळसाच्या नादी लागू नये. पण एकदा लागला की पाण्याची, खताची काही मागणी नाही.

आकाशनिंब, ज्याला आपण बूच म्हणतो, दिवाळीच्या आगेमागे फुलतो. लांब दांड्याची पांढरी सुगंधी फुले रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली सडा पडतो. या फुलांच्या दांड्या एकमेकींत गुंफून बिनदोऱ्याची वेणी होते, हे आपल्या मुलींना सांगायला नको. झाड सरळ, उंच वाढते, पण लाकूड ठिसूळ असून वादळात मोडते. घरापासून निदान ३० फूट अंतर ठेवावे.

सातवीण अलीकडे शहरांतल्या रस्त्यांवर फार लावतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिचा वास रात्री दूरवर जातो. एखादे झाड लांब असेल तर तो वास बरा वाटतो. अंगणात असेल तर काहींचे डोके दुखते. दम्याचा त्रास असलेले माणूस घरात असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

अंगण, गोठा आणि खळ्याभोवती

वस्तीच्या आवारात सावलीचा हिशेब उलटा होतो. इथे हिवाळ्यात ऊन हवे असते. सकाळच्या थंडीत जनावरांच्या पाठीवर ऊन पडावे, वाळवण वाळावे, म्हाताऱ्या माणसांना शेकत बसता यावे. म्हणून घराच्या आणि गोठ्याच्या दक्षिण बाजूला हिवाळ्यात पाने गाळणारे झाड लावावे. ते उन्हाळ्यात सावली देते आणि थंडीत ऊन सोडते. पश्चिमेला मात्र बारमाही हिरवे झाड हवे, कारण चैत्र-वैशाखातली तिसऱ्या प्रहराची झळ तिकडूनच येते. तिथे आंब्यासारखे झाड नाही. हिवाळ्यात आंब्याला काय बघायचे, असे म्हणू नये. पौष-माघात मोहोर धरला की अख्खी वस्ती घमघमते.

कांचनाच्या दोन जाती ओळखून घ्याव्यात. एक दिवाळीच्या सुमारास पाने अंगावर असतानाच जांभळट गुलाबी फुलते. तिला बरेच जण देवकांचन म्हणतात. दुसरी थंडीत पाने गाळते आणि माघ-फाल्गुनात फुलते. दक्षिणेला ही दुसरी लावावी. पहिली पूर्वेला किंवा रस्त्याच्या बाजूला शोभते. दोन्ही लावल्या तर हंगामाची सुरुवात आणि शेवट दोन्ही साधतात. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली पुष्कळदा कांचनाचीच पाने ओरबाडली जातात आणि त्याबरोबर येणाऱ्या कळ्याही जातात. एवढे सांभाळावे.

हादगा लवकर वाढतो, सावली विरळ, मुळांवर गाठी असल्याने जमिनीला नत्र देतो आणि पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीभर पांढरी फुले देतो. फुलांची भाजी होते, पाला शेळ्या आवडीने खातात. हस्त नक्षत्रावर मुली ज्याचा खेळ मांडतात ते झाड वस्तीवर असावे हे बरे. आयुष्य थोडे असते, म्हणून दर तीन-चार वर्षांनी नवे बी टाकत जावे.

शेवगा दारात नको, परड्यात हवा, असे जुने लोक म्हणत आले आहेत. त्यात अर्थ आहे. फांदी कचकन मोडते, पोरं चढतात आणि पडतात. शिवाय केसाळ अळ्या येतात. परड्याच्या टोकाला लावून दरवर्षी छाटला तर थंडीत फूल आणि पुढे शेंग यांची ददात राहत नाही.

आवळा हे हिवाळ्याचे फळझाड. कार्तिकात आवळीभोजनाच्या वेळी फळ भरत येते आणि पौषापर्यंत झाडावर टिकते. एकटे झाड लावले तर पुष्कळदा फळ कमी धरते. म्हणून कृष्णा, कांचन, एनए-७ अशा दोन वेगवेगळ्या जातींची कलमे २० ते २५ फुटांवर जोडीने लावावीत.

बोर, बाभूळ, कडुनिंब आणि हुमणी

हिवाळ्याच्या फळांत बोराला तोड नाही. संक्रांतीच्या सुगडात उसाचे कांडे, हरभरा आणि गाजर यांच्याबरोबर बोर लागतेच, आणि लहान मुलांचे बोरन्हाण बोरांवाचून होत नाही. उमराण किंवा मेहरूणसारख्या जातीचा डोळा गावठी बोरीवर भरला तर दोन-तीन वर्षांत उत्तम फळ मिळते. पण ऊस लावणाऱ्या सभासदाने बोर लावताना एक गोष्ट विसरू नये. ती म्हणजे हुमणी.

उसाची मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळीचे मूळ भुंगेऱ्यात असते. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की मे-जूनमध्ये हे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात आणि थेट बोर, बाभूळ आणि कडुनिंबाच्या झाडांवर जाऊन बसतात. तिथे पाला खातात, तिथेच मीलन होते आणि पहाटे खाली उतरून माद्या जमिनीत अंडी घालतात. म्हणजे बांधावर ओळीने बोरी-बाभळी लावणे म्हणजे हुमणीला जेवायचे आमंत्रण देऊन बसायला पाटही मांडण्यासारखे आहे.

याचा अर्थ ही झाडे तोडून टाकावीत असा नाही. शेजारच्या शिवारात एखादे झाड असेल तर भुंगेरे तिथे जातील, पण अंडी घालायला पुन्हा आपल्या शेतात येतील. उपाय असा की, ही झाडे विखरून न लावता वस्तीजवळ एकाच जागी, दोन-तीनच ठेवावीत. बोरीची छाटणी तशीही उन्हाळ्यात करायचीच असते. त्यामुळे झाड आटोपशीर राहते. पहिल्या वळवानंतर आठ-दहा दिवस रोज अंधार पडल्यावर, साडेसात-आठच्या सुमारास फांद्या काठीने हलवाव्यात, खाली पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. घरातली पोरंसोरंही हे काम करतात. मात्र सगळ्या शिवाराने एकाच वेळी केले तरच त्याचा गुण येतो. असे केले तर तीच बोर हुमणीचा सापळा होते आणि संक्रांतीला फळही देते.

बांधावरची आणि कुंपणाची झुडपे

गिरिपुष्प बांधाला सर्वांत सोयीचे. काही भागांत त्याला उंदीरमारी म्हणतात. फाट्यापासून येते, छाटणी सोसते, कोवळा पाला उसाच्या सरीत हिरवळीचे खत म्हणून चालतो. आणि जानेवारी-फेब्रुवारीत पाने गाळून फिकट गुलाबी फुलांनी फांदी न् फांदी भरते. मधमाश्या तुटून पडतात. मात्र दिवाळीनंतर छाटले तर त्या वर्षी फूल विसरावे.

कोरांटी काटेरी, चिवट, कुंपणाला उत्तम. पावसाळा सरता सरता पिवळ्या फुलांवर येते आणि थंडीतही फुले देत राहते. अडुळसाही कुंपणाला चांगला. जनावर त्याला तोंड लावत नाही, थंडीत पांढरी फुले येतात आणि खोकल्याला पाला घरचाच मिळतो. मुरमाड उतारावर धायटी लावून पाहावी. पौषापासून तिच्या वाकलेल्या फांद्या बारीक लाल फुलांनी झाकून जातात. वैद्य लोक आसवे-अरिष्टे आंबवण्यासाठी हीच फुले वापरतात.

बोगनवेलीबद्दल तक्रार येते की, पाणी-खत देऊनही फूल नाही. अहो, उसासारखं पाणी पाजलं तर ती नुसता पालाच देणार! पाऊस संपला की तिचे पाणी तोडावे. ताण बसला की ती रंगावर येते आणि हिवाळा-उन्हाळा दोन्ही काढते.

लालपत्तीचे गुपित उसवाल्याला चटकन कळेल. उसाला तुरा का येतो? दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की ठरावीक काळात कोंबाला फुलाचा निरोप मिळतो. लालपत्तीचेही तसेच आहे. रात्रीचा अंधार लांबला की शेंड्याची पाने लाल होऊ लागतात आणि डिसेंबरात झुडूप पेटल्यासारखे दिसते. ज्यांच्या दारात लालपत्ती हिरवीच राहते, त्यांनी वर पाहावे. बहुधा तिच्यावर रात्रभर दिवा जळत असतो. झुडूप दिव्यापासून लांब लावावे. तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

याखेरीज अबोली सावलीच्या कडेला, जास्वंद अंगणात आणि पारिजातक देवघराच्या बाजूला असावा. शेवंती हे झुडूप म्हणावे इतके मोठे नाही, पण थंडीची ती राणी आहे. पावसाळ्यात तिचे फुटवे वेगळे करून लावले की मार्गशीर्षातल्या गुरुवारांना फूल विकत आणावे लागत नाही.

ही झाडे गोठ्याजवळ नकोत

कण्हेर बारा महिने फुलते, पाणी मागत नाही, म्हणून पुष्कळांच्या दारात आहे. पण तिचे पान, फूल, साल, काडी, सर्वच विषारी. जनावर सहसा उभ्या झुडपाला तोंड लावत नाही. घात होतो तो छाटणीच्या वेळी. छाटलेला पाला वैरणीच्या ढिगाशेजारी टाकला जातो, वाळतो, कडब्यात-वाढ्यात मिसळतो आणि जनावर तो खाते. विषाचा परिणाम हृदयावर होतो आणि डॉक्टर येईपर्यंत दम निघत नाही. आमच्याच कार्यक्षेत्रातल्या एका वस्तीवर दिवाळीच्या साफसफाईनंतर दुभती गाय अशीच गेली. दारातली कण्हेर पाहून कोणाला शंकाही आली नव्हती. ऐन हंगामात बैलजोडीवाल्या गाडीवानांची जनावरे आपल्या वस्तीशेजारी बांधलेली असतात, हेही ध्यानात ठेवावे. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी. तिचे बी मुलांच्या खेळण्यात येते, तेही तितकेच घातक.

घाणेरी फुलते छान, पण ती जनावराला बाधते. खाल्ल्यास कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलते. शिवाय पाखरे तिचे बी पसरवतात आणि माळ गिळला जातो. ती मुद्दाम लावू नये, आली असेल तर काढावी.

क्षारपड कोपऱ्याचे काय?

जादा पाण्याने ज्यांच्या शेताचा सखल कोपरा पांढरा पडला आहे, तिथे ऊस उगवत नाही आणि तो कोपरा डोळ्यांना खुपत राहतो. अशा जागी करंज, पळस आणि आवळा ही झाडे इतरांपेक्षा चांगली तग धरतात. करंजाला पाणथळही सोसते. मात्र झाड लावले म्हणजे जमीन सुधारली असे समजू नये. चर काढून पाण्याचा निचरा केल्याशिवाय क्षार हटत नाहीत. झाडाने एवढेच होते की तो कोपरा मोकळा पडत नाही आणि निचऱ्याचे काम होईपर्यंत त्याचा काही उपयोग होतो.

छाटणी फूल झाल्यावरच

हिवाळ्यात फुलणाऱ्या झाडांच्या कळ्यांची तयारी पावसाळ्याच्या शेवटी झालेली असते. आपण दिवाळीला घर-अंगण साफ करताना कोयता घेऊन झुडपे भादरतो आणि त्याबरोबर त्या वर्षाचे फूलही उकिरड्यावर जाते. फूल-फळ झाल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी छाटणी करावी. जुने, ढोलीचे झाड मात्र उगाच पाडू नये. ढोलीत घुबड राहते आणि उसातले उंदीर मारायला घुबडासारखा राखणदार नाही. आंबा, चिंच, जांभूळ, साग अशा काही जातींची झाडे तोडायला १९६४ च्या कायद्यानुसार परवानगी लागते. तोडण्याआधी चौकशी करावी.

कामाचे वेळापत्रक

पौष-माघ : फुललेली झाडे पाहून यादी करावी. दक्षिण-उत्तर पाहून आणि दुपारची सावली पावलांनी मोजून जागा ठरवावी.
चैत्र-वैशाख : दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डे काढून तापू द्यावेत. गिरिपुष्प, पांगारा यांचे फाटे बघून ठेवावेत.
ज्येष्ठ : पोयटा माती आणि कुजलेले शेणखत यांनी खड्डे भरावेत. प्रेसमड वापरायचा तर पूर्ण कुजलेलाच. कच्चा प्रेसमड खड्ड्यात तापतो आणि मुळे भाजतात. संध्याकाळी भुंगेरे वेचावेत.
आषाढ : लागवड. रोपाला काठी आणि जनावरापासून राखण.
दिवाळीनंतर : रोपाच्या बुडाशी पाचटाचे आच्छादन. दर आठ-दहा दिवसांनी बादलीभर पाणी.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. दोन-तीन वर्षांचे बांधावरचे रोप पाण्यावाचून मरते त्यापेक्षा जास्त आगीने मरते. ऊस गेला की काडी लावून पाचट पेटवायचे आणि त्याबरोबर बांधावरचे रोप होरपळून जायचे, हे आपण दरवर्षी बघतो. पाचट शेतातच कुजवा. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक पुरते. जमिनीला सेंद्रिय खत मिळते, खोडव्याचे पाणी वाचते आणि बांधावरचा कांचन जगतो.

एका वस्तीला फार काही लागत नाही. रस्त्याकडेला एक सावर किंवा बूच, दक्षिणेला कांचन, पश्चिमेला आंबा, परड्यात आवळ्याची जोडी आणि हादगा, बांधाला गिरिपुष्प, कुंपणाला कोरांटी आणि दारात चार शेवंतीचे फुटवे. एवढे झाले तर पहिल्या मोळीपासून हंगाम बंद होईपर्यंत दारात काही ना काही फुललेले राहील. ज्या सभासदांना जागेची निवड करताना अडचण वाटेल, त्यांनी आपल्या गट ऑफिसात कळवावे. लागणीच्या नोंदीसाठी चिटबॉय वस्तीवर येईल तेव्हा त्यालाही बांधाच्या दिशा आणि विजेच्या तारा दाखवून ठेवाव्यात. हंगामाच्या धावपळीतही आम्ही जमेल तसे प्रत्यक्ष येऊन जागा पाहू.

आपला,
ऊस विकास अधिकारी